पाचव्या प्रश्नाच्या आधी

गोळी अजून पुरती विरघळली नव्हती. जिभेच्या कडेला तिचा एक पातळ, धारदार तुकडा उरला होता आणि तो चावून टाकावा की तसाच राहू द्यावा हे तिला ठरवता येत नव्हतं. पुदिन्याची साधी घशाची गोळी. पक्षाचे प्रतोद सकाळी सभागृहाच्या दारात एखाद्याच्या तळहातावर अशी गोळी ठेवत, आणि ज्याच्या हातावर ती पडे त्याने समजून जायचं की आज घसा आपला झिजायचा आहे – विरोधकांच्या अडचणीच्या प्रश्नाआधी जो साधा, निरुपद्रवी प्रश्न असेल, त्यावर उपप्रश्नांचं चऱ्हाट वळत बसायचं, बारा वाजेपर्यंत. बारा वाजले की प्रश्नोत्तरांचा तास संपला. जो प्रश्न राहिला तो राहिला; त्याचं छापील उत्तर टेबलावर ठेवतात आणि त्यावर कुणाला काही विचारता येत नाही. मागच्या बाकांवरची मंडळी प्रतोदांना म्हणूनच वैद्यबुवा म्हणत. ‘आज औषध कुणाला?’ ‘मला नको रे बाबा, परवाच घेतलंय.’ या थट्टेत तीही हसत आली होती.

“ताई, तुमच्यासारखं कुणाला जमायचं नाही,” वैद्यबुवा म्हणाले होते. “शाळेतल्या बाईंचा घसा. पाचवा प्रश्न येता कामा नये, एवढं सांभाळा.”

चौथा प्रश्न तिच्या नावावर टाकलेला, रस्त्यावरच्या दिव्यांचा. पाचवा शेजारच्या मतदारसंघातल्या विरोधी सदस्याचा – त्याचं औषधांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला औषधवाला म्हणत – आणि तो प्रश्न होता तिच्याच गावच्या रुग्णालयातल्या बंद पडलेल्या प्रसूती कक्षाचा. याच कक्षासाठी तिने दारोदार जाऊन मतं मागितली होती.

पहिला उपप्रश्न तिचा विचारून झाला होता. नगरविकासमंत्री उत्तर देत होते, खांब, तारा, ठेकेदार, पुन्हा खांब... आणि ती मान वर न करता वर बघत होती. प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्या रांगेत तिची धाकटी बहीण बसली होती. पोट कठड्याला लागू नये म्हणून जरा तिरकी. आठवा महिना सरत आलेला.

ही येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी... काय केलं असतं? गोळी परत केली असती? वैद्यबुवांना म्हटलं असतं, आज नको, आज माझी बहीण बघायला आलीय? म्हणजे बहीण नसती तर चाललं असतं. चाललंच असतं की.

सकाळी पायऱ्यांवर धाकटी घाम पुसत उभी होती. “अगं, तू कशाला आलीस, या अवस्थेत?” तिने जवळजवळ ओरडूनच विचारलं होतं.

“बसमध्ये लगेच जागा मिळाली. पोटाचा एवढा तरी उपयोग!” धाकटी हसली. “औषधवाल्यानं दुकानात सांगितलं, आज आपल्या बाळंतपणाच्या वॉर्डाचा प्रश्न आहे म्हणून. म्हटलं, आमची ताई बोलताना एकदा डोळ्यांनी बघावी.”

“तू आता इथंच राहा माझ्याकडे. दिवस भरेपर्यंत. मोठं रुग्णालय जवळ आहे.”

“मी राहीन गं. पण गावातल्या बाकीच्या? सगळ्यांना तुझ्या फ्लॅटवर आणून ठेवणार आहेस का?”

तेवढ्यात घंटा वाजली होती, आणि घंटेचं निमित्त झालं ते बरंच झालं.

“सन्माननीय सदस्या,” अध्यक्ष म्हणाले. ती उठली. दुसरा उपप्रश्न. अध्यक्ष महोदय, मंत्रिमहोदयांनी जी माहिती दिली त्याबद्दल मी त्यांचे आभार मानते, तथापि... ‘तथापि’ म्हटलं की पुढचं सगळं आपोआप येतं. तोंड बोलत राहतं, हात वेळेवर उठतो, आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो, आणि ती स्वतः मात्र कुठेतरी बाजूला बसून हे ऐकते – किती छान बोलते ही बाई! दवाखाने, शाळा, रस्ते राजधानीकडून प्रांताच्या हवाली झाले तेव्हा ती शाळेत शिकवत होती. मुलींना तिने किती उत्साहानं सांगितलं होतं की आता आपली गाऱ्हाणी आपलीच माणसं ऐकणार. दूरच्या राजधानीकडे बोट दाखवून हात झटकायची सोय आता संपली. खरंच संपली होती. आता बोट दाखवायचं तर याच दालनात, पहिल्या बाकावर, आणि त्या बाकावर आपलाच पक्ष.

आरोग्यमंत्री तिच्याकडे बघत नव्हते. चारचौघांत ते तिच्याकडे कधीच बघत नसत, पण केबिनमध्ये त्यांनी स्वतः चहा ओतून दिला होता. “ताई, पुढच्या वर्षी कक्ष सुरू झालाच म्हणून समजा. आत्ता गवगवा नको. तुमचा तो औषधवाला सभागृहात ओरडला की मला हात आखडता घ्यावा लागतो.” तिने मान डोलावली होती. त्यानंतर आठवड्याभरात रुग्णालयातल्या परिचारिकेचा फोन आला – बाई, प्रसूतीचं टेबलसुद्धा ट्रकमध्ये घालून नेलं हो, वरचा मोठा दिवासुद्धा. ती परिचारिकेला म्हणाली, दुरुस्तीला नेलं असेल. मंत्र्यांना मात्र तिने विचारलं नाही. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कळलं असतं.

ती खाली बसली. मंत्री उठले. घड्याळाचा काटा बाराच्या अगदी जवळ आला होता. अजून एक लांबलचक उपप्रश्न पुरे होता. औषधवाला कागद हातात घट्ट धरून बाकाच्या कडेवर आला होता, कधीही उठता येईल असा.

आणि मग तो रस्ता. मागच्या खेपेचा. डोंगर उतरताना खाणीच्या वळणावर रुग्णवाहिका थांबवावी लागली होती. धाकटीचा हात तिच्या हातात, बाहेर मिट्ट काळोख, आत चालकाने धरलेला टॉर्च... मुलगा झाला, थोडा वेळ श्वास घेतला त्याने. नंतर गाडी पुन्हा निघाली तेव्हा भोंगा वाजत नव्हता. “भोंगा का बंद केलात?” तिने विचारलं होतं. चालक समोरच बघत राहिला. धाकटीला मात्र कळलं होतं, तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

खाणीचं वळण. तिथे दिवा नव्हता. आजही नाही.

मंत्री बसले आणि ती चटकन उठली, कारण तिला सापडलं होतं! दिव्यांचाच तर प्रश्न. अध्यक्ष महोदय, खाणीच्या वळणावर दिवा का नाही? त्या अंधारात काय घडलं ते सांगायचं, आवाज जरा भरून येऊ द्यायचा. सभागृह चिडीचूप होईल, धाकटीला वाटेल ताई बोलली, आपल्या बाळाबद्दल बोलली. वैद्यबुवांनाही तक्रारीला जागा नाही, कारण तेवढ्यात बारा वाजतील. सगळ्यांचंच समाधान. वर बघितलं तर धाकटी कठड्यावर पुढे झुकली होती, डोळे मोठे करून. दिव्यांचं हे सारं पाल्हाळ तिने सोसलं होतं ते एकाच विश्वासावर, की ताई फिरून फिरून तिथेच येणार.

“अध्यक्ष महोदय, खाणीच्या...” ती म्हणाली, आणि थांबली.

किती सहज सुचलं हे मला. त्या पोराला मी वेळ काढायला वापरणार होते.

शाळेत बाई म्हणून, इथे सदस्या म्हणून, उभ्या आयुष्यात तिचा शब्द कधी अडला नव्हता, आणि आता समोर सगळं सभागृह असताना तोंडातून अवाक्षर फुटेना. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी हसलं. तिने पहिल्या बाकाकडे पाहिलं – वैद्यबुवा घड्याळाकडे बघून समाधानाने मान हलवत होते. बोला ताई, नाहीतर नुसत्या उभ्या राहा, आमचं काम होतंय! तिच्या गप्प राहण्यानेही त्यांचं तेवढंच भागत होतं. आजवरच्या तिच्या प्रत्येक गप्प राहण्याने भागलं होतं. केबिनमधल्या त्या चहापासून.

“सन्माननीय सदस्यांनी प्रश्न विचारावा,” अध्यक्ष म्हणाले, “नाहीतर खाली बसावं.”

खाली बसावं. किती साधं. बसलं की पाचवा प्रश्न. मग टेबल कुठे गेलं ते विचारलं जाणार, आरोग्यमंत्र्यांना उत्तर द्यावं लागणार, आणि पुढच्या वर्षीचं ते वचन सगळ्यांदेखत फुटणार. फुटू दे! त्यात काही नव्हतं. त्यात काही नाही हे मला ट्रकच्या दिवसापासून माहीत होतं. मी त्याला धीर म्हणत होते, ती भीती होती, केवळ या बाकावरून उठवतील याची भीती. हे कळलं तेव्हा तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही; आली ती लाज, धाकटीसमोर उघडं पडल्याची. या बाकाला धरून राहावं असं आता आपल्यापाशी काहीच उरलेलं नाही, हे तिला पहिल्यांदाच, अगदी शांतपणे जाणवलं. समोर औषधवाला अर्धवट उठला होता, वर धाकटी अजून वाट बघत होती. बारा वाजायच्या आत ती खाली बसली.