चिंगीची जखम आणि आत्याबाईंचे गुडघे

गुऱ्हाळवाल्या माणसाला काहीही झालं की तो त्यावर गूळचुना लावतो. पाय मुरगळला, गूळचुना. पाठीत उसण भरली, गूळचुना. त्यामुळे श्रीगोंद्याकडच्या भीमानं घोरपडीच्या जखमेवरही गूळचुना थापला, यात नवल काही नव्हतं. मुंगळ्यांचा विचार मात्र त्या शहाण्याच्या डोक्यात आला नाही.

घोरपड होती त्याच्या बायकोची, बनुबाईची. दोन वर्षांपूर्वी उसाचं पाचट पेटवलं तेव्हा वीतभर पिल्लू जाळातून कसंबसं बाहेर पडलं. बनुबाईनं ते ओच्यात घालून आणलं, चिंगी नाव ठेवलं आणि पोसलं. लोक हसले. हसेनात का! आता चिंगी हातभर झाली होती, गुळाच्या कोठीत राहायची आणि एक उंदीर तिथं टिकू द्यायची नाही.

संक्रांतीच्या आठवडाभर आधी भीमानं चिपाडाचा ढीग ओढला. त्यात विसरलेला कोयता घसरला आणि चिंगीच्या पाठीवर बोटभर चिरलं. भीमा घाबरला. बायको यायच्या आत औषध करून टाकावं म्हणून त्यानं गूळचुना लावला. तासाभरानं बनुबाई येऊन बघते, तर चिंगीच्या पाठीवर मुंगळ्यांची जत्रा भरलेली.

"आवं, ही काय ढेप हाय व्हय, गूळ थापायला?" बनुबाई कडाडली. "औषध केलं का मुंगळ्यांना जेवान घातलं?"

"मला वाटलं..." भीमा पुटपुटला.

"वाटलं म्हनं! व्हा बाजूला."

तिनं चिंगीच्या डोळ्यांवर पदर टाकला, म्हणजे ती शांत राहते, आणि एकेक मुंगळा वेचून काढला. लिंबाचा पाला उकळला, पाणी कोमट होऊ दिलं, त्या पाण्यानं गूळ आणि चुना सगळा धुऊन काढला. जुन्या धोतराच्या स्वच्छ फडक्यानं जखम टिपली, वर हळद दाबली. मग चिंगीला घराच्या मागच्या खोलीत नेऊन कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवलं.

जखम काही फार नव्हती. भीती होती ती सासूची. लंकाबाईंचे गुडघे तीन वर्षं धरलेले, दोघांनी उचलल्याशिवाय उठवत नव्हतं. त्यात गुऱ्हाळावर गूळ रांधणारा कारभारी एकदा बोलून गेला होता, की गुडघ्याला घोरपडीच्या तेलासारखं औषध नाही. झालं! तेव्हापासून म्हातारीचा डोळा चिंगीवर होता.

आणि चिंगी खाईना. चार दिवस झाले, अंडं फोडून पुढ्यात ठेवलं तरी डोळा उघडीना.

"मरून वाया जाईल ती," लंकाबाई म्हणाल्या. "संक्रांतीपतुर खाल्लं तर ऱ्हाऊ दे. न्हाई खाल्लं, तर कारभाऱ्याला पातेलं चढवाया सांगते."

"आत्याबाई, आसं नका बोलू," बनुबाई म्हणाली. तिचा जीव तुटत होता.

पाचव्या दिवशी तिनं जखम निरखून पाहिली. सुकलेली, खपली धरलेली, पू नाही, सूज नाही. मग हिला झालंय तरी काय? तिनं चिंगीच्या पोटाखाली हात घातला. पोट माठासारखं गार! बनुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. दर थंडीत चिंगी रस उकळायच्या काहिलीखालच्या चुलवणाच्या भिंतीला चिकटून झोपायची, आणि यंदा आपणच तिला गारठ्याच्या खोलीत कोंडली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तिनं डालगं चुलवणामागं नेलं, जिथं भिंत हाताला सोसेल इतकीच ऊन लागते. भीमा खाली मान घालून म्हणाला, "जाळ इझू देनार न्हाई. मी बसतो." आणि खरंच बसला.

दुसऱ्या दिवशी चिंगीनं डोळा उघडला. भोगीला जीभ बाहेर काढली. पण अंड्याला तोंड लावलं नाही.

संक्रांत उजाडली. लंकाबाई चुलवणाशेजारी पोत्यावर गुडघे शेकत बसल्या होत्या. कारभारी पातेलं घेऊन उभा.

"काय बने, खाल्लं का?"

खोटं बोलणं बनुबाईला जमणारं नव्हतं. "न्हाई, आत्याबाई."

"मग कारभारी..."

पुढचं तोंडातच राहिलं. आठवडाभर चिंगी कोठीत नाही म्हटल्यावर उंदीर मातले होते. त्यातला एक चांगला गलेलठ्ठ पोत्याखालून निघाला आणि लंकाबाईंच्या पावलावरून गेला. "आगं आई गं!" म्हणून म्हातारी जी उठली, ती थेट गुळाच्या ढेपेवर! तेवढ्यात डालगं उलटलं. चिंगी डोक्यानं ते उडवून सुटली, भिंतीच्या कोपऱ्यात उंदराला गाठलं आणि सगळ्यांदेखत गिळायला लागली.

"खाल्लं! आत्याबाई, खाल्लं!" बनुबाई टाळ्या पिटत नाचायला लागली. भीमाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो म्हणाला, धूर गेला.

कारभाऱ्यानं पातेलं खाली ठेवलं. "लंकाआक्का, तेल न लावताच गुन आला की वो तुमाला!"

लंकाबाईंनी ढेपेवर उभ्याउभ्याच आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं, मग चिंगीकडं. उंदराची शेपटी आत जाईपर्यंत त्या खाली उतरल्या नाहीत.

"दात काय काढता?" त्या ओरडल्या. "बने, तिला आजून एक अंडं फोड. आन् हे पातेलं घासून ठिव, तिळगूळ करायचा हाय."