आत कोणी नाही

"ते घरी नाहीत," बायको दारात उभी राहून कुणाला तरी सांगत होती. "केव्हा येतील, काही सांगता येत नाही."

आणि आतल्या खोलीत, तिच्यापासून आठ पावलांवर, घरी नसलेला माणूस पेनाचं टोपण चावत बसला होता.

गल्लीत त्याला 'साहित्यिक' म्हणत. पहिलं पुस्तक आलं तेव्हा कौतुकानं, हल्ली नुसतंच. दुसरी कादंबरी शेवटच्या प्रकरणात अडकली होती. नायक तीन महिने दाराच्या कडीला हात लावून उभा होता आणि त्याला आत ढकलायचं साहित्यिकाला जमत नव्हतं. एकाग्रतेचे सगळे उपाय करून झाले होते. पहाटे उठून पाहिलं, कानांत बोळे घातले, फोन पिठाच्या डब्यात पुरला. फोन बिघडला, प्रकरण होतं तिथेच राहिलं. शेवटी त्यानंच तोडगा काढला. नऊ ते एक खोलीला बाहेरून कुलूप, किल्ली बायकोकडे, आणि कुणीही विचारलं तरी 'घरी नाहीत'.

आज अखेरचा दिवस होता. एक वाजता संपादकबाईंचा माणूस प्रकरण न्यायला येणार होता. मिळालं नाही तर पुस्तक यादीतून काढते, असं बाईंनी अत्यंत गोड आवाजात सांगितलं होतं.

"मी दाढ उपटून येते," बायको कुलपाआडून म्हणाली. "अप्पांकडे लक्ष असू द्या."

"कोंडलेल्या माणसानं लक्ष कसं ठेवायचं?"

"कान कुठे कोंडलेत? बोळे तेवढे काढा."

त्यानं बोळे काढले. अप्पा म्हणजे त्याचे वडील, निवृत्त पोस्टमन. सकाळी ते मुलाला ओळखत. दिवस वर चढेल तशी ओळख पातळ होत जाई.

साडेअकराच्या सुमाराला नायकानं अचानक कडी काढली. साहित्यिकाचा विश्वास बसेना. वाक्य समोर येऊन उभं होतं, नुसतं उतरवायचं होतं. नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली.

"आत कोण आहे?"

पेन पळत होतं.

"अरे, आत कोण आहे? बाळ्या, तू आहेस का?"

'हो' म्हटलं की 'मग दार उघड' येणार, मग किल्लीची शोधाशोध, आणि नायकाचा हात पुन्हा कडीवर.

"कोणी नाही!" तो खेकसला.

मग अप्पा समजूतदारपणे म्हणाले, "बरं. मग मीच बघून येतो."

चपला सरकल्या. बाहेरच्या दाराची कडी निघाली. साहित्यिकानं ते ऐकलं. नंतर हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही, पण ऐकलं होतं. एवढं वाक्य पुरं करू आणि हाक मारू, असं त्यानं ठरवलं, आणि वाक्याला वाक्य लागत गेलं. तीन महिन्यांत झालं नव्हतं ते पाऊण तासात झालं. शेवटचा पूर्णविराम देऊन त्यानं मान वर केली, तेव्हा घरात अशी शांतता होती, जी त्याला कित्येक महिने हवी होती.

"अप्पा?"

त्यानं दारावर खांदा मारला. दार जुनं, मजबूत. तो खिडकीकडे धावला. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई कपडे वाळत घालत होत्या.

"नर्सबाई! खाली या लवकर!"

"अय्या, तुम्ही? तुम्ही तर घरी नाहीत ना? वहिनी सकाळीच म्हणाल्या."

"मी आहे! अप्पा नाहीत!"

"नक्की कोण नाही ते एकदा ठरवा," बाई म्हणाल्या खऱ्या, पण आल्या धावत. बाहेरचं दार सताड उघडं होतं. कुलूप तुटेना, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातली सुरी आणून कडीचे स्क्रू काढायला घेतले. चार स्क्रू. चौथा नुसताच फिरत राहिला. साहित्यिक आतून "लवकर, लवकर" म्हणत होता.

"लवकर हवं होतं तर कोंडून कशाला घेतलंत?" बाईंनी विचारलं. उत्तर द्यायच्या आत कडी सुटली.

बागेच्या फाटकाशी अप्पा नव्हते. बसथांब्यावर नव्हते. मोठ्या रस्त्यावर करकचून ब्रेक लागला आणि तो तिकडे धावला. आडवी आलेली हातगाडी होती. कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत बाकावर अप्पा दिसले. शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली.

"आजोबांचा मुलगा हरवलाय," हवालदार म्हणाला. "अर्ज लिहून द्या म्हटलं, तर चष्मा घरी."

"अप्पा, अहो मी..."

अप्पांनी त्याला नीट न्याहाळलं. ओळख लागली नाही. त्यानं दंड धरून उठवायला पाहिलं, तसे ते घाबरून भिंतीला चिकटले. "मुलगा मिळाल्याशिवाय मी हलणार नाही. साहेब, तुम्हाला लिहिता येतं का?"

इतकं थेट हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं.

"येतं," तो म्हणाला.

चौकीच्या घड्याळात एकला दहा कमी होती. घर दहा मिनिटांवर. प्रकरणाची पानं तशीच हातात आली होती. त्यातलं शेवटचं उलटं करून तो अप्पांशेजारी बसला.

"वय नऊ," अप्पा सांगू लागले. "अंगानं किडकिडीत. उजव्या भुवईवर खोक. सुटं अक्षर काढा, साहेब. अक्षर लागत नाही म्हणून पत्रं परत जातात."

हवालदारानं साहित्यिकाच्या भुवईकडे पाहिलं आणि रजिस्टरात डोकं घातलं.

"का गेला घरातून?" साहित्यिकानं विचारलं.

"अभ्यास टाकून वहीत काहीबाही लिहीत बसायचा. मी वही फाडली." अप्पांनी कागदावर बोट ठेवलं. "ते लिहू नका. लिहा, असशील तिथून परत ये. कुणी रागावणार नाही."

एक वाजला. साहित्यिक लिहीत होता.

"वाचून दाखवा."

त्यानं वाचलं. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

"'कुणी' नको. 'अप्पा' लिहा. त्याला खरं वाटलं पाहिजे."

साहित्यिकानं 'कुणी' खोडलं आणि त्याच्यावर, सुट्या अक्षरांत, 'अप्पा' लिहिलं.