मी न दाखवलेली ओळ

पितळी कड्याचे, लाकडी मुठीचे मी एक जुने भिंग आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू बोलायला लागल्या की बहुतेक आपले कौतुकच सांगतात. मला मात्र एक कबुली द्यायची आहे. माझ्यामुळे एका बाईला भर हिवाळ्यात आपले घर सोडावे लागले.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. आठवते ते व्होलोस बंदरावरचे जकात कार्यालय. तिथे स्टामातिस नावाचे कारकून मला तीस-बत्तीस वर्षे वापरत होते. जहाजाच्या मालाचे कागद आले की ते मला आधी शेवटच्या ओळीवर धरत आणि मग हळूहळू वर सरकवत.

"स्टामातिस, जेवायलासुद्धा शेवटच्या फळांपासून सुरुवात करतोस का रे?" बाकीचे कारकून चिडवायचे.

"वरचं विकणारा लिहितो, खालचं त्याचा वकील," ते म्हणायचे. त्यांच्या हातात असताना मला फार अभिमान वाटे.

निवृत्त होताना त्यांनी मला घरी आणले. पुढे ते वारले आणि घरात दोघीच उरल्या, त्यांची पत्नी एवान्थिया आणि त्यांची धाकटी, अविवाहित बहीण पोलिक्सेनी. पोलिक्सेनीची बोटे संधिवाताने वाकली होती, तरी ती क्रोशाची सुरेख लेस विणायची. थंडीत ती एक छोटा विजेचा हीटर जवळ घेऊन बसे, कारण बोटांना ऊब मिळाली तरच सुई चाले. दोघी नणंद-भावजया दिवसभर एकमेकींना टोचून बोलत आणि संध्याकाळी एकाच भांड्यातली कॉफी वाटून पीत. मी खणात औषधांच्या चिठ्ठ्यांखाली पडून होते. कोणी मला विचारत नाही, या दुःखात मी कुढत असे.

एका ऑक्टोबरात दारावर एक गृहस्थ आले. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाईल. आमच्या कंपनीची वीज घ्या, बिल कमी येईल, असे सांगत ते घरोघर फिरत होते. एवान्थियाने आमच्याकडे सगळे विचारतात तोच प्रश्न पहिल्यांदा विचारला.

"तू कुणाचा रे?"

"वरच्या गावातल्या झीसिसचा नातू, मावशी. पाणचक्कीवाले."

"अगं बाई! झीसिसचा? तुझ्या आजीनं माझ्या लग्नातले पाव भाजले होते! बस, बस."

झाले. आंबट चेरीचा मुरांबा आला, थंड पाणी आले. ज्याच्या आजीने आपल्या लग्नाचे पाव भाजले, त्याच्यासमोर कागद तपासत बसायचे तरी कसे? आतून पोलिक्सेनी म्हणाली, "वहिनी, दादा असता तर खालून वाचला असता हं कागद."

"तुझा दादा पाहुण्याला पाणी देतानाही पावती मागायचा. तू गप्प बस."

तरीही एवान्थियाने मला खणातून काढले. "वा मावशी, असं भिंग आता मिळत नाही!" असे म्हणत त्या गृहस्थांनी मला आपल्याच हातात घेतले आणि एका युनिटच्या दरावर धरले. दर खरोखरच कमी होता. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझे कौतुक केले होते, मी हुरळून गेले. तो आकडा मी जीव तोडून मोठा करून दाखवला. तळाची बारीक ओळ माझ्या कडेला आली, ती मी वाकडी आणि पुसट केली. भिंगाचा तो स्वभावच आहे, पण त्याआड मला लपायचे नाही. माझी मूठ तेव्हाही सैल होती. मनात आणले असते तर मी तिच्यातून निखळून कागदावर पडले असते. एवान्थियाने सही केली.

पुढचे बिल कमी आले नाही, चांगले फुगून आले.

"हा तुझा हीटर!" एवान्थिया म्हणाली. "घर खाऊन टाकलंय त्यानं."

पोलिक्सेनीने हीटर कपाटात ठेवला. महिन्याने बिल आले, तेही जवळजवळ तेवढेच.

"मी बाजारात गेले की लावतेस, हो ना? लाव, लाव. पेन्शन माझीच जातेय."

त्याच आठवड्यात पोलिक्सेनी पिशवी भरून डोंगरावरच्या चुलत भावाकडे निघून गेली. तिथे चूल एकच होती आणि तिच्याजवळची जागा कधी रिकामी नसे. खणात पडल्या पडल्या मला सगळे कळत होते. मी काय करून बसले, हेही कळत होते.

मग फेब्रुवारीचे बिल आले. घरात माणूस एक, हीटर कपाटात, आणि रक्कम थोडीशीच उतरलेली. एवान्थियाने मला घेतले, तो करारही काढला आणि या वेळी मला तळाच्या ओळीवर धरले. तिथे लिहिले होते की वीज कितीही वापरा, दरमहा एकोणीस युरो ठरावीक आकार द्यावा लागेल. जुनी कंपनी चार घेत होती. एवान्थियाने पोलिक्सेनीला फोन लावला.

"हीटर नव्हता गं तो."

"मग कोण होतं, वहिनी?"

"मी. कुणाचा तू, एवढंच विचारलं मी त्याला. महिन्याचे किती घेणार, ते विचारलंच नाही."

एवान्थियाने पुन्हा कंपनी बदलली. आता मात्र तिने तीन कंपन्यांचे कागद शेजारी शेजारी मांडले आणि वर्षभराच्या विजेच्या किमतीत बारा महिन्यांचा ठरावीक आकार मिळवून मगच निवड केली. मित्रांनो, मोठा आकडा कोणीही दाखवील. तुम्ही घरच्यांसाठी तळाची ओळ वाचा, आणि ती वाचण्याआधी घरातल्या माणसावर बोट ठेवू नका.

पोलिक्सेनी मार्चमध्ये परत आली. तिची बोटे त्या थंडीत आणखी आखडली आहेत, सुई धरवत नाही. रोज संध्याकाळी एवान्थिया स्वतः हीटर काढते, तिच्या पायाशी ठेवते आणि लावून देते. मग ती कॉफी करायला आत जाते. मी टेबलावरून पाहत असते. पोलिक्सेनी क्षणभर हात शेकते, आतल्या दाराकडे बघते आणि हळूच वाकून बटण बंद करते.