तिरके काप

फोटोबाईंना आपल्या कामाची घमेंड होती आणि ती त्या लपवतही नसत. बावीस वर्षं एमआरआयच्या खोलीत त्यांनी माणसांच्या डोक्यांचे फोटो काढले होते. माझ्या फोटोत खोट काढून दाखवा, असं त्या मोठमोठ्या डॉक्टरांना तोंडावर सुनवायच्या, आणि डॉक्टरही हसून सोडून द्यायचे.

त्या मंगळवारी सकाळी आभाळ्या आला. बंदरावर क्रेन चालवायचा, दिवसभर सहा मजले उंच केबिनमध्ये बसायचा, म्हणून हे नाव. गडी पन्नाशीचा आणि तोंडाचा पट्टा कायम चालू. चौदा वर्षांपूर्वी त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला. तेव्हापासून एकही दिवस गोळी न चुकवता तो ठणठणीत राहिला होता. पण गेलं वर्षभर काहीतरी बिनसलं होतं. चाव्या फ्रीजमध्ये सापडायच्या. एकच किस्सा सासूला तीन-तीनदा सांगून व्हायचा. शेवटी एकदा त्याने कंटेनर भलत्याच ट्रकवर ठेवला. कुणाला खरचटलंही नाही, पण बंदरवाल्यांनी सांगितलं, मेंदू तपासून या, मगच वर चढा.

"सासूला तीनदा सांगितलं तर बिघडलं कुठं, ताई? तिला ऐकू कुठं येतं!" टेबलावर आडवा होता होता तो म्हणाला.

"ती बहिरी नाही, तुमचं ऐकत नाही," दारातून त्याची बायको म्हणाली. ती हसत होती, पण पदर बोटाला गुंडाळून गुंडाळून तिने पार चुरगाळून टाकला होता.

फोटो झाले. तासाभराने मेंदूच्या डॉक्टरांनी बाईंना बोलावलं. डॉक्टर वयाने बाईंच्या मुलाएवढे, हुशार, जरा घाईचे. पडद्यावर त्यांनी आजचे फोटो लावले होते आणि शेजारी पाच वर्षांपूर्वीचे. तेही बाईंनीच काढलेले.

"बघा बाई. हा विषाणू रक्तात दबला तरी मेंदू पोखरू शकतो. मेंदू झिजला की मधल्या पाण्याच्या पोकळ्या रुंदावतात. इथे पाच वर्षांत पाच मिलिमीटर वाढ! आणि स्मरणशक्तीच्या चाचणीत गडी जेमतेम काठावर. मी बंदराला लिहून टाकतोय, क्रेन कायमची बंद."

बाई जुना फोटो बघायला पडद्याजवळ सरकल्या. एमआरआय डोक्याचे पातळ काप केल्यासारखे एकाखाली एक फोटो काढतो; इथे ज्या कापात पोकळ्या दिसत होत्या, त्याच कापात डोळ्यांचे गोळेही दिसत होते. सरळ घेतलेल्या कापात हे दोन्ही एकत्र येतच नाहीत. त्यांना लख्ख आठवलं. त्या दिवशी आभाळ्याची मान अवघडली होती, म्हणून त्यांनी मानेखाली टॉवेलची गुंडाळी दिली. हनुवटी वर गेली. आणि दुपारच्या गर्दीत बाईंनी काप डोक्याच्या रेषेत न टाकता टेबलाच्या रेषेत टाकले. तिरक्या कापात पोकळी अरुंद दिसली. आज सरळ कापात ती रुंद दिसत होती.

कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. तोंड मिटून राहिलं की झालं, असं क्षणभर बाईंच्या मनात आलं, आणि त्या विचाराची त्यांना स्वतःलाच लाज वाटली.

"डॉक्टर, पत्र थांबवा. जुना फोटो तिरका आहे. चूक माझी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुमची? बरं, पण आता पाच वर्षांनी ते सिद्ध कसं करणार?"

"तीच चूक पुन्हा करून," बाई म्हणाल्या.

आभाळ्याला परत आत घातलं. मानेखाली तशीच गुंडाळी, हनुवटी तशीच वर. पडद्यावर रेषा तिरक्या ठेवताना बाईंचे हात नको नको म्हणत होते. बावीस वर्षं जे करू नका म्हणून त्या नव्या मुलींवर ओरडल्या, तेच आज डोळे उघडे ठेवून करत होत्या. पण त्यांना खात्री होती.

डॉक्टरांनी पोकळी मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. पाच वर्षांपूर्वी होती, तेवढीच.

"झीज आहे," त्यांनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं. "पण ती जुनी. बहुधा गोळ्या सुरू व्हायच्या आधीची. पाच वर्षांत तिळभर वाढलेली नाही. मग हा विसरभोळेपणा कशाचा? झोप कशी लागते?"

"झोप कसली!" बायको उसळली. "गोळी बदलल्यापासून दीड वर्षं रात्रभर स्वप्नं बघतात, ओरडतात, मला लाथा मारतात!"

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी झोप मोडणारी ती गोळी बदलली, सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी ठेवली, आणि तोवर पाय जमिनीवरच ठेवायची सक्त ताकीद दिली.

सहा आठवड्यांनी आभाळ्याने फोटोबाईंच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. चाचणीत त्याचा एक शब्दही चुकला नव्हता. परवानगीचा कागद तो झेंड्यासारखा नाचवत होता, आणि मागे उभी राहून बायको खुशाल रडत होती. बाईंना इतका आनंद झाला की खुर्चीतून उठायचंही सुचेना.

"ताई, सोमवारपासून वर! चला, चहा पाजतो."

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर जुन्या फोटोंच्या डिस्कचा ढीग होता. त्या मंगळवारपासून रोज काम संपलं की त्या एकेक डिस्क उघडून बघत होत्या. असेच तिरके काप पडलेले आणखी अकरा जण सापडले होते. दहा जण येऊन पुन्हा फोटो काढून गेले होते, एक राहिला होता.

त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडून कुणीतरी उचलला.

"नमस्कार. मी इस्पितळातून बोलतेय. चार वर्षांपूर्वी तुमच्या डोक्याचे फोटो मी काढले होते. ते चुकले होते, माझ्याकडून. उद्या याल का? मी स्वतः काढीन."