उजव्या गुडघ्याच्या वेळी

बाबांनी पाहुण्यांसमोर पुन्हा तीच टेप लावली. "दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, दोन्ही वेळा आमचा थोरला उशाशी बसून. पोरगा असावा तर असा."

थोरला, म्हणजे दादा, खाली मान घालून चहा ढवळत राहिला. दारात उभ्या असलेल्या धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डाव्या गुडघ्याच्या वेळी दादाने केलं होतं, कबूल. उजव्याच्या वेळी हा शहाणा परगावी होता आणि फोनवर "काळजी घ्या" म्हणून मोकळा झाला होता. शिवणाचं दुकान बंद ठेवून, गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन, बाबांची लघवीची भांडी तिने उचलली होती. आणि कौतुकाला हा, आयत्या बिळावर नागोबा.

पाहुणे गेल्यावर तिने तोंड सोडलं. "गप्प का बसलास रे?"

"त्यांना आठवत नाही, त्याला मी काय करू? व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. तेच हॉस्पिटल, तीच खिडकीजवळची खाट, तोच औषधांचा वास. इतक्या सारख्या गोष्टी मेंदू एकात एक घालतो. त्यातलं काही अगदी वेगळं घडलं असेल तर तेवढंच सुटं राहतं, तिथून धरून बघा, असं त्या म्हणाल्या होत्या. बाबांनी जन्मभर गोदाम सांभाळलं. एका मापाचे बोल्ट एका खोक्यात, ही सवय डोक्यालाही लागली असेल. पण खोक्यात गडप व्हायला नेमकी धाकटीच सापडावी?

ती खुर्ची ओढून बाबांसमोर बसली. "बाबा, डाव्याचं सोडा. उजव्याच्या वेळी काय वेगळं होतं?"

बाबा गुडघा चोळत राहिले. मग त्यांचा चेहरा पडला. "एक आया होती. महाखाष्ट. मी पाय वाकवेना, तर सूपचा वाडगा भिंतीवर आपटला तिने. म्हणाली, मरा एकदाचे, म्हणजे मी तरी सुटेन."

ती भिंत तिनेच पुसली होती आणि कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. दादा आता मान वर करून तिच्याकडे बघत होता.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," ती म्हणाली.

"काय बोलायचं? परक्या बाईचं बोलणं ते. परक्याचं एवढं लागत नाही."

तिला दादाचा संताप आला, त्या खाटेचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. उजवा गुडघा परत हवा, तर तो वाडगाही पदरात घ्यावा लागणार होता. गप्प बसावं तर दादाचा जयजयकार जन्मभर ऐकायचा.

"बाबा, ती आया नव्हती. मी होते."

बाबा हसले. तिच्या हातावर थोपटत म्हणाले, "काहीतरीच तुझं. तू मला असं बोलशील होय? आणि तू असतीस, तर माझ्या लक्षात राहिलं नसतं का?"