भिजलेलं रजिस्टर

सरकारी भांडवलावर चालणाऱ्या त्या रंगांच्या कारखान्यात अंतर्गत लेखापरीक्षक बाईंना सगळे पाठीमागे 'भिंग' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

पण आग विझवायच्या सिलिंडरांचं तपासणी रजिस्टर उघडलं आणि भिंगालाच घाम फुटला. बारा महिन्यांच्या नोंदी, पण एक खाडाखोड असेल तर शपथ! कारखाना बंद होता त्या आठवड्यातही म्हणे तपासणी झालेली. बाईंनी गोदामातले चार सिलिंडर उचलून पाहिले. चारही रिकामे.

पाणी नक्कीच कुठेतरी मुरत होतं. त्यात सुरक्षा विभागाचे साहेब भलतेच गोड बोलू लागले. न मागता चहा आला, पाठीला उशी आली.

"अहवालाची घाई कशाला, मॅडम? तुमचे दीर छान रुळलेत हो आमच्या विभागात."

"माझे दीर? इथे?"

"घरी बोलले नाहीत होय!" साहेब हसले.

दोन वर्षं घरी बसलेल्या दिराला महिन्यापूर्वी नोकरी लागली, तीही 'एका ठेकेदाराकडे', एवढंच बाईंना माहीत होतं. जिथे नातेवाईक, तिथली तपासणी परीक्षकाने करायची नाही, हा नियम. आणि 'नातेवाईक नाही' म्हणून बाईंची सही फायलीत होती. अस्सं! म्हणजे अहवाल दिला की तोच कागद पुढे करून केराची टोपली.

संध्याकाळी त्यांनी दिराला गाठलं. "भाऊजी, खरं सांगा. काय काम करता तिथे?"

"रागावू नका, वहिनी. घरी बोलू नका असं साहेबच म्हणाले होते. जुनं रजिस्टर भिजलं होतं ना, ते नव्याने उतरवून काढलं."

"जुनं पाहिलंत डोळ्यांनी?"

"नाही. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो."

बाईंनी कागद पुढे ओढला. त्यांनी तिथेच संचालकांच्या लेखापरीक्षण समितीला थेट पत्र लिहिलं: दीर त्याच विभागात आहे, रजिस्टर त्यानेच लिहिलंय, मला या कामातून काढा, दुसरा परीक्षक नेमा, पण आधी सिलिंडर उचलून पाहा.

दिराने पत्र वाचलं. त्याचा चेहरा पडला. "सरळ बोला ना वहिनी, मला बुडवताय."

"हो," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळलं. "बसता कुठे तुम्ही दिवसभर? त्याच रिकाम्या सिलिंडरांच्या गोदामात ना?"