पांडुरंग आणि पुरुषोत्तमच्या मधे

अमरावतीच्या ऑफिसात पियुषचं आणि माझं एकाच गोष्टीवरून वाजायचं. डेटाबेसला प्रश्न कसा विचारायचा? चांदूर बाजारच्या भाजीपाला गटासाठी आम्ही सॉफ्टवेअर करत होतो. त्यात 'सभासद' नावाचं टेबल, म्हणजे यादी, होती आणि त्याच्याच पोटात 'दिवंगत' नावाचं दुसरं. पियुष थेट क्वेरी, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतला प्रश्न, लिहायचा. त्याच्या पद्धतीत सभासद मागितले की पोटातले दिवंगतही सोबत यायचे; नको असतील तर तसं मुद्दाम लिहावं लागायचं. मला ऑब्जेक्टची, म्हणजे क्वेरी न लिहिता तयार साच्यातून माहिती मागायची, पद्धत हवी होती. त्यात मी अशी सोय केली होती की सभासद मागितले की जिवंत तेवढेच मिळावेत.

"मंग हजेरीत मुडदे बोलावशीन का?" मी चिडायची.

"मेला म्हणून काय झालं, आचल? सभासद त् हायच ना. तुले नको असन त् तू तसं सांग."

असा हेकट माणूस. तो स्वतःही गटाचा सभासद होता. वांग्याची वाडी त्याच्या नावावर, राबायची आई. दिवाळीनंतर अकोल्याहून येताना त्याची गाडी ट्रकखाली गेली. त्याची नोंद 'दिवंगत'मध्ये मीच हलवली.

मग आमचा साहेब प्रीतम म्हणाला, दोन्ही पद्धती गटाला दाखवा आणि एक ठरवा. गटाच्या बैठकीत संगणकच अकारविल्हे हजेरी पुकारतो, 'हाजर' ऐकलं की, नाहीतर थोडं थांबून, पुढचं नाव घेतो. मी आधी पियुषची क्वेरी लावली. गेलेल्यांची नावं ऐकून लोक दचकतील आणि माझं काम सोपं होईल, असा माझा बेत. त्या नावांत पियुषही असेल हे मला सुचलंच नाही. खरं सांगते, माझ्यासाठी तो अजून गेलेल्यांत नव्हताच.

"पांडुरंग."

"हाजर."

"पियुष."

संगणक 'हाजर'ची वाट पाहत थांबला. मागच्या खुर्चीवरून त्याची आई, मनकर्णाबाई, शांतपणे म्हणाली, "हाजर."

संगणकाने पुढचं नाव घेतलं. नंतर मी माझी पद्धत लावली. हजेरी कुठेही न अडखळता संपली. अध्यक्ष खुशालराव घाम पुसत म्हणाले, "हेच बरं हाय."

निघताना मनकर्णाबाईने मला गाठलं. "पोरी, दुसऱ्या खेपेले त्याचं नाव नाही आलं."

"काकू, ही पद्धत जे आहेत त्यांनाच विचारते."

"मंग पहिली काहून ऐकवली?"

तिने त्याला एकदा परत मिळवलं होतं, आणि पाच मिनिटांत मी त्याला पुन्हा काढून घेतलं होतं.

पुढच्या बैठकीला माझीच पद्धत लागली.

"पांडुरंग."

"हाजर."

"पुरुषोत्तम."

पुरुषोत्तमभाऊंनी तोंड उघडलं, पण आधी मागून मनकर्णाबाईचा आवाज आला. "हाजर."

संगणकाने ती पुरुषोत्तमची हजेरी धरली आणि तो पुढे गेला. भाऊंनी तक्रार केली नाही. आता दर बैठकीत ते आपलं नाव आलं की थांबतात. आधी मागून 'हाजर' येतं, मग हे हळूच आपलं म्हणतात. कोणी मागे वळून पाहत नाही. मीसुद्धा नाही. मला तिच्या नजरेची भीती वाटते.

वाद मी जिंकले. पण पांडुरंगनंतर माझ्याही ओठांवर आधी पियुषच येतो, आणि त्याची आई ओ देते.